गॅलऱ्या मोजू नका : आमच्या सोसायटीच्या समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

16 ऑगस्टला सकाळी दूध आणायला खाली उतरले, तेव्हा नोटीस बोर्डापाशी चार-पाच जण उभे होते. बोर्डावर दोन कागद लावलेले. डावीकडच्या कागदावर गॅलरीत तिरंगा लावलेल्या एकोणचाळीस घरांची नावं, उजवीकडच्या कागदावर न लावलेल्या नऊ घरांची. उजवीकडच्या प्रत्येक नावाखाली लाल शाईची रेघ आणि तळाशी सूचना, की या सभासदांकडून प्रत्येकी पाचशे रुपये ‘राष्ट्रीय सण निधी’ म्हणून पुढच्या मेंटेनन्स बिलात घेतले जातील. संध्याकाळी तेच कागद ग्रुपवर आले, सोबत त्या नऊ गॅलऱ्यांचे फोटो. एका फोटोत दोरीवर वाळत घातलेले बाईमाणसांचे कपडेही स्पष्ट दिसतात.

माझं नाव डावीकडच्या कागदावर आहे, सगळ्यात वर. ‘उत्कृष्ट ध्वज’ म्हणून तुम्ही मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलंत. ते घड्याळ मी या पत्राबरोबर परत करते आहे. ज्या यादीत माझ्या नऊ शेजाऱ्यांचा अपमान झाला, त्याच यादीतला मान मला घरात लावता येणार नाही.

हे पत्र समितीच्या पेटीत टाकूनही चाललं असतं. पण यादी चारचौघांत लागली, तेव्हा तिच्यावरची हरकतही चारचौघांतच घेतली पाहिजे. आणि सोलापुरातल्या आणखी दोन सोसायट्यांमधून मला मैत्रिणींचे फोन आले, की आमच्याकडेही असंच ठरतंय. त्यांच्या समित्यांनीही हे वाचावं.

मी कोण बोलणार, असं कुणी म्हणेल म्हणून सांगते. माझे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. मी स्वतः सत्तावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसले. कापड हातात घेतलं की ते किती पावसाळे काढेल, हे मला कळतं. लहानपणी 15 ऑगस्टला वडील मला सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवून चार हुतात्मा चौकात न्यायचे आणि चौघांची नावं म्हणून घ्यायचे : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चूक झाली तर परत पहिल्यापासून. 12 जानेवारी 1931 ला येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, 6 एप्रिल 1930 ला, आपल्या सोलापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर स्वराज्याचा झेंडा चढला होता. तेव्हा त्यावर चक्र नव्हतं, चरखा होता. मे महिन्यात इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला आणि झेंडा हातात धरला, गांधी टोपी घातली म्हणून माणसांना शिक्षा होऊ लागल्या. झेंडा लावू नका असं सरकारने सांगितलं, तरी तो लावणाऱ्यांचं हे गाव आहे. त्या झेंड्यासाठी कुणी गॅलऱ्या मोजल्या नव्हत्या. माणसं आपणहून पुढे आली, म्हणून तर त्याला मोल आलं.

म्हणून माझ्या गॅलरीत झेंडा असतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सगळी सोसायटी तिरंग्यांनी भरली, त्या संध्याकाळी मी समोरच्या फुटपाथवर जाऊन बराच वेळ इमारतीकडे बघत उभी होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हा यादी नव्हती, दंड नव्हता, तरीही सत्तावीस-अठ्ठावीस घरांवर झेंडे होते. अध्यक्षसाहेब, तुम्ही स्वतः शिडी धरून म्हाताऱ्या माणसांच्या गॅलरीत काठ्या बांधून दिल्या होत्या. तो उत्साह खोटा नव्हता, हे मी कुणापुढेही सांगेन. आता बाजूच्या सोसायटीत शंभर टक्के झालं म्हणून आपल्याकडेही शंभर टक्के व्हायला हवं, या धडपडीत तुमचं कुठेतरी चुकलं आहे.

आता त्या नऊ घरांकडे येते. सगळ्या नऊंचं सांगत नाही, ज्यांनी परवानगी दिली त्यांचंच.

‘अ’ विंगमधल्या आजोबांचं नाव उजवीकडच्या यादीत तिसरं आहे. वय शहाऐंशी. आयुष्यभर खादी अंगावर घातली. दर 15 ऑगस्टला सकाळी ते काठी टेकत महापालिकेच्या शाळेत झेंडावंदनाला जातात. यंदाही गेले होते आणि सोसायटीच्या आवारातल्या झेंडावंदनालाही सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते. घरावर मात्र त्यांनी झेंडा लावला नाही, कारण समितीने वाटलेला झेंडा पॉलिस्टरचा होता. मला म्हणाले, “माझ्या लेखी झेंडा म्हणजे हाताने काढलेलं सूत. ते ज्यात नाही ते मी घरावर कसं लावू?” 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहितेत, म्हणजे झेंडा कसा असावा आणि कसा लावावा याच्या सरकारी नियमांत, दुरुस्ती झाली आणि यंत्रावर तयार केलेल्या, पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. त्याआधी कापडी झेंडा हातसुताचा आणि हातमागाचाच लागायचा. म्हणजे आजोबा जे धरून बसले आहेत, तो चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत या देशाचा नियम होता. तो पाळणाऱ्याच्या नावाखाली तुम्ही लाल रेघ ओढलीत.

मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. आमच्या कारखान्यातल्या बायकांनी टेरिकॉट शिवूनच पोरं शिकवली, मिलच्या कापडाला मी कमी लेखणार नाही. शिवाय 2022 मध्ये पोस्टात पंचवीस रुपयांत झेंडा मिळू लागला, तेव्हा आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या आक्कांनी पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी तो घेऊन आपल्या पत्र्याच्या घरावर लावला. खादीचा झेंडा त्यांना परवडला नसता. दोघांच्या मनात एकच झेंडा आहे, फक्त वाटा वेगळ्या. यात कुणाला पास आणि कुणाला नापास करायचं?

तळमजल्यावरच्या वहिनींचे यजमान 7 ऑगस्टला गेले. घरात सुतक होतं. दाराला तोरण नाही, देवापुढे दिवा नाही, अशा दिवसांत झेंडा लावायचा की नाही, हे त्यांना कळलं नाही आणि विचारायला जावं असं कुणी जवळ नव्हतं. तुम्ही सगळे अंत्यविधीला होतात. तरी त्यांचं नाव यादीत आलं. यावर मला अधिक लिहिता येत नाही.

तिसरं घर उजवीकडच्या नव्हे, डावीकडच्या यादीत आहे आणि मला सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. ‘ब’ विंगमध्ये भाड्याने राहणारं मुस्लिम कुटुंब. 12 ऑगस्टच्या रात्री ग्रुपवर मेसेज पडला, ‘काही घरांकडे विशेष लक्ष ठेवा.’ घरांची नावं नव्हती, पण कुणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळलं. त्यांनाही कळलं. रात्री दहा वाजता भाभी माझ्या दारात आल्या, हातात झेंडा. “ताई, हा एक गॅलरीत लावलाय तसाच स्वयंपाकघराच्या खिडकीलाही लावावा का? एवढ्या रात्री दुसरा कुठे मिळेल?” दर वर्षी त्यांचा मुलगा छातीवर तिरंग्याचा बिल्ला लावून उड्या मारत शाळेत जातो. यंदा त्यांच्या घरावर दोन झेंडे होते आणि घरात कुणाला झोप नव्हती. ज्या गावात कुर्बान हुसेनचं नाव आम्हाला पाठ करायला लावलं, त्या गावात हे घडलं. तुमच्या कागदावर ते घर शंभर टक्क्यांत मोजलं गेलं आहे. माझ्या मते आपल्या सोसायटीतलं सर्वांत मोठं अपयश त्याच घरात आहे.

उरलेल्यांमध्ये एक घर गावाला गेलेलं होतं, एकाची गॅलरी ग्रिलने बंद आहे, आणि एक सभासद आहेत ज्यांना घरावर काहीच लावायला आवडत नाही, ना झेंडा, ना आकाशकंदील, ना निवडणुकीचं स्टिकर. ते दर वर्षी न चुकता रक्तदान करतात, पण तेही सांगायची गरज पडू नये. त्यांनी रक्तदान केलं नसतं तरी ती यादी चुकीचीच ठरली असती.

दुसरी बाजूही सांगते, कारण मला एकाच बाजूची वकिली करायची नाही. आमच्या विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या गॅलरीत 2022 पासून बारा महिने झेंडा आहे, रात्रीसुद्धा. जुलै 2022 च्या दुरुस्तीनंतर घरावरचा झेंडा रात्रंदिवस ठेवता येतो, त्यामुळे त्यात गैर काही नाही. काही सभासद त्याच्यावर कुजबुजतात, की हा रोज रोज कशाला मिरवतो. त्यांनी त्याचं म्हणणं ऐकावं. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. 2002 च्या ध्वजसंहितेआधी साध्या माणसाला ठरावीक दिवस सोडून घरावर तिरंगा लावता येत नसे. पुढे उद्योगपती नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 23 जानेवारी 2004 ला निकाल दिला, की मान राखून झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. तो मुलगा म्हणतो, “बाबांना जे करता आलं नाही, ते मी रोज करतो.” त्याच्या या भावनेलाही कुणी नावं ठेवू नयेत.

या वर्षी मे महिन्यात वाऱ्याने त्याच्या झेंड्याची हिरवी पट्टी कडेने उसवली, धागे लोंबू लागले. फाटका झेंडा लावू नये, असं संहिता स्पष्ट सांगते. मी जिन्यात गाठून सांगितलं, तर तो दुखावला. “काकू, तुम्ही मला तिरंगा उतरवायला सांगताय?” मी त्याला घरी बोलावलं, चहा केला आणि कापडाची कडा कशी उसवते, ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः झेंडा घेऊन आला. आम्ही दोघांनी मिळून त्याची घडी घातली : केशरी आणि हिरवी पट्टी पांढरीच्या खाली दुमडायची, मग पांढरी दोन्हीकडून आत घ्यायची, म्हणजे वर चक्र राहतं. संध्याकाळी त्याच्या गॅलरीत नवा झेंडा होता. हे काम एका कप चहात झालं.

आता समितीने वाटलेल्या झेंड्यांबद्दल. हे मला शिवणकाम करणारी बाई म्हणून बोललंच पाहिजे. तुम्ही अठ्ठेचाळीस झेंडे घाऊक आणलेत. माझ्या हातात आलेला झेंडा मी टेपने मोजला. झेंड्याची लांबी आणि उंची तीनास दोन या प्रमाणात लागते. हा तीस इंच लांब आणि सतरा इंच उंच भरला. चक्र पांढऱ्या पट्टीच्या मधोमध हवं, ते काठीकडे बोटभर सरकलेलं. कडेला नीट दुमड नाही, नुसतं गरम सुरीने कापलेलं. मी तो लावला नाही, माझा जुना सुती झेंडा लावला, आणि त्याच झेंड्याला तुम्ही बक्षीस दिलंत. म्हणजे समितीचा झेंडा मीही लावला नव्हता. मग माझं नाव कोणत्या कागदावर हवं होतं?

आणि 15 ऑगस्टनंतर काय होतं? गेल्या वर्षी 18 तारखेला वॉचमनदादांनी मला हाक मारून दाखवलं. घंटागाडीसाठी ठेवलेल्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात, भाजीच्या देठांखाली, तीन झेंडे. पार्किंगमध्ये एक, त्यावरून गाडीचं चाक गेलेलं. त्या आठवड्यात गच्ची, जिना, गटाराची जाळी असं फिरून मी अकरा झेंडे गोळा केले. धुतले, वाळवले, घडी घालून वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. खराब झालेला झेंडा खासगीत, शक्यतो जाळून, त्याचा मान राखून नष्ट करावा, असं संहितेत आहे. त्यातला अगदी चिंध्या झालेला एक मी लोखंडी घमेल्यात तसा नष्ट करायला घेतला. खादी जळली तर तिची हलकी राख होते, बोटाने उडते. हे कापड आधी आक्रसलं, मग वितळलं आणि काळा थेंब थेंब होऊन घमेल्याच्या बुडाला चिकटलं. हात जोडून उभी राहिले होते. कसं वाटलं, ते मला सांगता येणार नाही. तो काळा गोळा विळ्याने खरवडूनही निघाला नाही. ते घमेलं मी पुन्हा वापरलं नाही.

घरोघर झेंडा लागला पाहिजे, असा ठराव करताना तो उतरवायचा कधी, ठेवायचा कुठे, फाटला तर द्यायचा कुणाकडे, याबद्दल एक ओळही तुमच्या इतिवृत्तात नाही. मी जुलैच्या सभेचं इतिवृत्त मागून वाचलं. शंभर टक्के आणि पाचशे रुपये, एवढंच आहे.

सचिवांनी मला संविधानाचं 51 अ हे कलम दाखवलं, की राष्ट्रध्वजाचा आदर राखणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. खरं आहे, आणि मला ते मान्य आहे. पण ते कलम आदर राखायला सांगतं, गॅलरीत लावायला सांगत नाही. सरकारचं ‘हर घर तिरंगा’ हे आवाहन आहे. न लावणाऱ्याला दंड करा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविरुद्धच्या 1971 च्या कायद्यात शिक्षा आहे ती झेंड्याच्या अवमानाला, तो घरावर न लावण्याला नाही. आणि केरळातल्या तीन शाळकरी भावंडांचा खटला आठवा. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहायची, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. उभं राहणं हा आदर आहे, तोंडातून शब्द निघालाच पाहिजे अशी सक्ती करता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. मग झेंडावंदनाला काठी टेकत सर्वांआधी येऊन उभ्या राहिलेल्या आजोबांना आपण कोणत्या अधिकाराने दंड करतो? आपल्या सोसायटीचे उपविधी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. झेंड्यावरून दंड घेण्याचा अधिकार समितीला देणारा एकही शब्द त्यात मला सापडला नाही.

सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. तिच्या विषयपत्रिकेवर हे विषय घ्यावेत, अशी माझी मागणी आहे.

दोन्ही याद्या बोर्डावरून काढा, डावीकडचीसुद्धा. ग्रुपवरचे गॅलऱ्यांचे फोटो काढून टाका, आणि ज्यांच्या घरातले कपडे फोटोत आले, त्यांना अध्यक्षांनी घरी जाऊन भेटावं.

पाचशे रुपयांचा ठराव रद्द करा. ज्यांनी घाबरून आधीच भरले, त्यांचे परत करा. मला माहीत आहे, दोघांनी भरले आहेत.

‘विशेष लक्ष ठेवा’ हा मेसेज ज्यांनी टाकला, त्यांनी त्याच ग्रुपवर तो मागे घ्यावा. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही आणि सभेतही घेणार नाही. त्यांनी आपणहून करावं.

पुढच्या वर्षी झेंडा हवा की नको, ते ज्याचं त्याला ठरवू द्या. ज्यांना हवा, त्यांच्यासाठी मोजमापाचा, नीट शिवलेला आणा. खादीचा हवा असेल त्याला खादीचा, शेजारच्या मराठवाड्यात नांदेडला खादीचे झेंडे तयार होतात. आणण्याआधी एक नमुना मला दाखवा, मी टेप लावून तपासून देईन. ज्यांना घरावर लावायचा नाही, त्यांना कारण विचारू नका.

ऑफिसात झाकणाची एक स्वच्छ पेटी ठेवा, उतरवलेले आणि फाटके झेंडे त्यात यावेत. दर वर्षी 16 तारखेला सकाळी मी तिथे बसेन, येणाऱ्या प्रत्येकाला घडी शिकवेन. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा माझ्याबरोबर बसायला तयार आहे.

सभेत यातलं काहीच झालं नाही, तर दंडाच्या ठरावाविरुद्ध मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज देईन. तो लिहून तयार आहे. आपल्या घरातली गोष्ट बाहेर नेण्याची मला हौस नाही. इतकी वर्षं आपण एकमेकांच्या बाळंतपणाला आणि मयतीला उभे राहिलो आहोत.

सभेला येताना मी वडिलांची ट्रंक घेऊन येणार आहे. उरलेले दहा झेंडे त्यात आहेत. ते मी एकटीने घमेल्यात घालणार नाही. त्यांचं काय करायचं, ते आपण सगळ्यांनी मिळून ठरवू.

आपली,
‘ब’ विंगमधील एक सभासद
सोलापूर